एचआयव्ही चाचणीला गाव पुढे का येत नाही: एका युवक मंडळाच्या प्रश्नाला उत्तर

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील जांबोटी भागातल्या एका युवक मंडळाच्या कार्यवाहांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गेल्या वर्षी १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनानिमित्त, मंडळाने गावातून फेरी काढली, देवळासमोर पथनाट्य केले आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मदतीने चाचणीचे शिबिरही ठेवले. परंतु शिबिराला मंडळाच्या कार्यकर्त्यांखेरीज जवळजवळ कोणी फिरकले नाही. या वर्षी घरटी प्रत्येक प्रौढ माणसाची चाचणी करून घ्यावी, लग्न ठरवताना मुलामुलींची चाचणी सक्तीची करणारा ठराव गावाने करावा आणि शेवटी ‘एचआयव्हीमुक्त गाव’ असा फलक वेशीवर लावावा, असे मंडळाच्या मनात आहे. लोकांमध्ये जागृती कशी करावी, असे ते विचारतात.

मंडळाची तळमळ खरी आहे आणि अशी मुले असल्याखेरीज हे काम कुठल्याच गावात उभे राहत नाही, हे आधी नमूद करतो. मात्र ठराव आणि फलक या दोन्ही कल्पना सोडून द्याव्यात असेच मी सांगेन. त्यांची कारणे ओघाने येतील.

आपल्या गावातील लोकांना या रोगाविषयी माहिती नाही, असे आपण गृहीत धरले आहे. चिकोडी आणि निपाणी भागात समुपदेशक म्हणून अनेक वर्षे काम करताना मला याच्या उलट दिसले. माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या बहुतेकांना एचआयव्ही कशाने होतो, हे बऱ्यापैकी ठाऊक असे. असुरक्षित शारीरिक संबंध, दूषित सुई, दूषित रक्त आणि आईकडून बाळाला, ही चार वाटांची यादी शाळकरी मुलेही घडाघडा म्हणून दाखवतात. लोकांना ठाऊक नसते ते निराळेच असते: आपण चाचणी केली हे कोणाकोणाला कळेल, निकाल कोणत्या वहीत लिहिला जाईल, ती वही कोण उघडेल, आणि निकाल मनाविरुद्ध आला तर दुसऱ्या दिवशी नेमके काय करायचे. ज्या गावात कोणाच्या घरी कोणता पाहुणा कधी उतरला हे चहाच्या वेळेपर्यंत सर्वांना कळते, तिथे देवळासमोरच्या मांडवात टेबलापाशी उभे राहून बोट पुढे करणे म्हणजे स्वतःविषयी संशय जाहीर करण्यासारखेच वाटते. तेव्हा लोक अडाणी होते म्हणून आले नाहीत असे समजू नका. ते विचार करूनच घरी बसले.

यातून माझे मुख्य म्हणणे निघते. चाचणीसाठी माणसाला मोजावी लागणारी सामाजिक किंमत जितकी कमी होईल, तितकी जागृती झाली असे समजावे. घोषणा, फेरी आणि भाषणे यांनी ती किंमत कधीकधी वाढतेसुद्धा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे मान्य करायला हवे. गाव मोठे आणि बाजारपेठेचे असेल, तर गर्दीतच आडोसा मिळतो. निपाणीसारख्या ठिकाणी मंगळवारी कोण कुठल्या दवाखान्याच्या पायऱ्या चढला, याकडे कोणाचे लक्ष नसते. शे-दोनशे उंबऱ्यांच्या वाडीत तसे होत नाही. आपल्या आरोग्य केंद्रातील परिचारिका आणि आशा कार्यकर्ती गावाच्या विश्वासातल्या आहेत की त्या कुणाच्या तरी जवळच्या नात्यातल्या म्हणून लोक त्यांच्यापासून लपतात, यावरही बरेच ठरते. हे आपल्यालाच पाहावे लागेल, आणि मी सांगतो त्यातले काय घ्यायचे व काय गाळायचे हे त्यावरून ठरवावे लागेल.

आधी तारखेविषयी. १ डिसेंबर हा दिवस आपल्या भागासाठी गैरसोयीचा आहे. खानापूरच्या पश्चिमेकडील गावांतले कितीतरी पुरुष चोर्ला घाट उतरून गोव्यात कामाला असतात, आणि डिसेंबर हा तिथल्या हंगामाचा भर. चिकोडी, रायबाग, अथणी या बाजूला तेव्हा उसाची तोड जोरात असते. म्हणजे ज्यांच्याशी बोलणे सर्वांत गरजेचे, ती माणसे गावात नसतानाच आपण फेरी काढतो आणि ती फेरी म्हातारी माणसे व शाळेची मुले पाहतात. पुरुष गावात असतात गणेशोत्सवात, दिवाळीत आणि गावच्या जत्रेला. गणेशोत्सवात मंडळ एरवीही एकत्र असते, वर्गणीच्या निमित्ताने घरोघर जाणे होते, मंडपात कार्यक्रम ठेवायची सवय असते. माझा सल्ला असा की मुख्य उपक्रम गणेशोत्सवाला जोडावा आणि १ डिसेंबरला आठवणीपुरते काही करावे.

आता शिबिराविषयी. इथे तपशील फार महत्त्वाचे आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट, मंडळाने स्वतः चाचणीच्या पट्ट्या विकत आणून काही करू नये. चाचणी आरोग्य खात्यामार्फत, प्रशिक्षित माणसाकडून आणि समुपदेशनासह व्हायला हवी. गावात किंवा आरोग्य केंद्रात बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर होणारी चाचणी प्राथमिक स्वरूपाची असते. तिच्यात काही आढळले तर माणसाला एचआयव्ही आहे असे सांगायचे नसते. त्याला तालुका रुग्णालयातील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे ज्याला सर्वजण आयसीटीसी म्हणतात तिथे पाठवायचे असते, आणि तिथे वेगवेगळ्या तत्त्वांवरील तीन चाचण्या जुळल्यावरच निदान पक्के होते. कागदावर ही व्यवस्था निर्दोष आहे. गावच्या शिबिरात मात्र नेमकी हीच पायरी घात करते. पन्नास जण पाच-पाच मिनिटांत हसत बाहेर पडतात आणि एकाला आत थांबवून घेतले जाते, त्याच्या हातात चिठ्ठी दिली जाते, त्याला तालुक्याला जायला सांगितले जाते. बाहेर बसलेल्यांना यापेक्षा अधिक काही कळण्याची गरजच उरत नाही.

यावर आमच्या भागात उपयोगी पडलेला उपाय साधा होता. शिबिर एचआयव्हीचे म्हणून ठेवायचे नाही. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि डोळ्यांची तपासणी असे सर्वसाधारण आरोग्य शिबिर ठेवायचे. मोतीबिंदूच्या निमित्ताने वडीलधारी येतात, हिमोग्लोबिनसाठी बायका येतात आणि त्यांच्या मागोमाग घरातले पुरुषही येतात. शाळेच्या खोल्या वापरायच्या आणि समुपदेशकाची खोली अशी निवडायची की एका दाराने आत जाऊन दुसऱ्या दाराने बाहेर पडता येईल. शिबिराला आलेला प्रत्येक माणूस, मग तो एचआयव्हीची चाचणी करून घेवो वा न घेवो, समुपदेशकाच्या खोलीत जाईलच आणि साधारण सारखाच वेळ तिथे बसेल, असा क्रम लावायचा. प्रत्येकाच्या हातात सारखाच बंद लिफाफा द्यायचा. काहींना साखरेसाठी, काहींना डोळ्यांसाठी तालुक्याला पाठवले जातेच. त्यांच्यात आणखी एखादा मिसळला तर कोणाच्या लक्षात येत नाही.

मात्र एक दक्षता यात अजिबात सोडता येणार नाही. साखरेसाठी घेतलेल्या रक्तावर न सांगता एचआयव्हीची चाचणी उरकून घेणे हा कायद्याचा भंग आणि विश्वासघात दोन्ही आहे. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. त्यानुसार चाचणीपूर्वी माणसाला समजावून सांगून त्याची संमती घ्यावी लागते, चाचणीच्या आधी व नंतर समुपदेशन करावे लागते, आणि त्याच्या संमतीवाचून त्याची स्थिती इतरांना सांगता येत नाही. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते. म्हणून पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना वर्गातून उचलून रांगेत उभे करण्याचा उत्साह कोणी दाखवला तर त्याला आवरा. कॉलेजात रेड रिबन क्लब, म्हणजे एचआयव्हीविषयी जागृती करणारा विद्यार्थ्यांचा गट, असेल तर त्यामार्फत बोलणे, प्रश्नोत्तरे जरूर करा.

मंडळाच्या कार्यकर्त्यांनी या शिबिरात कुठे असावे, हेही आधीच ठरवा. मांडव घालणे, पाणी देणे, म्हाताऱ्यांना गाडीवरून आणणे ही कामे त्यांची. नोंदवहीपाशी, समुपदेशकाच्या दाराशी आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या टेबलाजवळ मंडळाचा एकही माणूस नको. छायाचित्रे तर मुळीच नकोत. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला एक फोटो वर्षभराच्या मेहनतीवर पाणी फिरवतो. आणि शिबिरानंतर किती जणांच्या चाचणीत काय आढळले, हा आकडा कोणीही विचारू नये, कोणी सांगितला तरी उच्चारू नये. ‘आपल्या गावात दोन निघाले’ एवढे वाक्य पुरे होते. मग ते दोन कोण याचा शोध घरोघर सुरू होतो आणि बहुधा भलत्याच माणसांची नावे ठरवली जातात.

सीमाभागात आणखी एक अडचण आहे, जी इतर ठिकाणच्या मार्गदर्शक पुस्तिकांत सापडत नाही. सरकारी पत्रके आणि भिंतीवरचे फलक कन्नडमध्ये असतात, समुपदेशकही कधीकधी कन्नडच सफाईने बोलणारे असतात, आणि खानापूरच्या खेड्यातील बाईला मन मोकळे करायचे तर मराठीच लागते. अशा वेळी मंडळातला कन्नड शिकलेला मुलगा दुभाषी म्हणून पुढे केला जातो. हेतू चांगला असला तरी हे कृपया करू नका. त्या मुलासमोर ती बाई नवऱ्याविषयी, स्वतःविषयी काहीच खरे बोलणार नाही, आणि बोललीच तर तिचे गुपित गावात राहणाऱ्या एका माणसाच्या डोक्यात कायमचे जाऊन बसेल. शिबिराची तारीख ठरवतानाच मराठी बोलणारा समुपदेशक मागावा. बेळगाव जिल्ह्यात दोन्ही भाषा घरच्यासारख्या बोलणारी माणसे आरोग्य सेवेत पुष्कळ आहेत. आधी सांगितले तर ती मिळतात, आयत्या वेळी मिळत नाहीत. पत्रके मराठीत हवीत म्हणून कोल्हापूरकडून गठ्ठा आणला जातो, त्यात मजकूर बरोबर असतो, पण केंद्रांचे पत्ते पलीकडच्या राज्याचे असतात. ते झाकून आपल्या तालुका रुग्णालयाची वेळ आणि खोली तिथे चिकटवा. १०९७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक मात्र दोन्हीकडे चालतो आणि त्यावर फोन करायला पैसे पडत नाहीत. तो ठळक छापा.

आता ज्या विषयावर मंडळाने सर्वांत जास्त विचार करावा असे मला वाटते, तिकडे वळतो. आपल्याकडे घरातली सून गरोदर राहिली की तिची एचआयव्हीची चाचणी तपासणीचा भाग म्हणून होते. ही अतिशय चांगली गोष्ट आहे. आईला संसर्ग असून काहीच उपचार झाले नाहीत, तर गरोदरपण, बाळंतपण आणि स्तनपान मिळून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. वेळेवर औषधे सुरू झाली तर ती ५ टक्क्यांच्याही खाली आणता येते. बाळालाही जन्मानंतर औषध दिले जाते, सहा आठवड्यांचे झाल्यावर त्याच्या टाचेतून रक्त घेऊन तपासणी होते आणि अठरा महिन्यांनी त्याच्याविषयी पक्के सांगता येते. या व्यवस्थेमुळे असंख्य मुले वाचली आहेत.

परंतु तिची एक सावली आहे. नवऱ्याची चाचणी अशी आपोआप कधी होतच नाही. परिणामी घरातला संसर्ग पहिल्यांदा उघड होतो तो सुनेच्या कागदावर, आणि ज्याचा कागद आधी निघाला त्यानेच रोग आणला असे घर ठरवून मोकळे होते. लग्नानंतर नवऱ्याखेरीज कोणाशी बोलण्याचीही मुभा नसलेल्या मुली याच हिशेबाने माहेरी पाठवल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत. कोणाला आधी झाला हे चाचणीवरून सांगता येत नाही. चाचणी फक्त आज काय आहे तेवढे सांगते. गावाला ही एक गोष्ट समजावता आली, तर आपल्या मंडळाने दहा पथनाट्यांचे काम केले असे मी मानीन.

यासाठी काय करता येईल? पहिल्या तपासणीला नवरा-बायकोने जोडीने जावे आणि दोघांनी एकाच दिवशी रक्त द्यावे, ही प्रथा गावात रुजवा. हे बोलणे तरुण मुलांनी नव्हे, तर नुकतेच बाप झालेल्या, गावात मान असलेल्या पुरुषांनी करायला हवे. ‘मी गेलो होतो, रक्त दिले, अर्ध्या तासात मोकळा झालो’ असे कोणीतरी पारावर सहज बोलले की इतरांचा संकोच निम्मा होतो. सासूबाईंशी बोलायला महिला मंडळ किंवा बचत गट हीच जागा योग्य. तिथे परिचारिकेने बोलावे. नवरा गोव्यात असेल तर तो तिथल्या सरकारी रुग्णालयातही चाचणी करून घेऊ शकतो, त्याला त्यासाठी गावी यावे लागत नाही, हे त्याला फोनवर सांगणे बायकोला जड जाते. मंडळातला मित्र सांगू शकतो.

इथवरचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर: पुरुष गावात असतील तेव्हा उपक्रम घ्या, चाचणीला आडोसा द्या आणि बायकांच्या आधी पुरुषांना केंद्राची वाट दाखवा.

लग्नापूर्वीच्या चाचणीचा ठराव मी का नाकारतो, ते यावरून लक्षात येईल. दोघांनी आपखुशीने, एकत्र जाऊन चाचणी करून घेतली तर ती उत्तमच आहे. ठरावाने ती सक्तीची झाली की संमतीला अर्थ उरत नाही; शिवाय व्यवहारात प्रमाणपत्र मुलीकडून मागितले जाईल आणि मुलाचे ‘नंतर बघू’ होईल. अलीकडेच धोक्याचा प्रसंग घडला असेल तर चाचणीत तो लगेच दिसत नाही. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रतिपिंडांच्या (विषाणूविरुद्ध शरीरात तयार होणाऱ्या घटकांच्या) चाचणीसाठी तीन महिन्यांचा काळ धरला जातो, म्हणून धोका घडल्यास ताबडतोब आणि पुन्हा तीन महिन्यांनी अशी दोनदा तपासणी करायला सांगतात. मुंडावळ्या बांधण्याआधीचा एक कागद पुढच्या तीस वर्षांची हमी देत नाही, आणि तशी हमी मिळाली या समजुतीने माणसे बेफिकीर होतात.

‘एचआयव्हीमुक्त गाव’ या फलकाचेही तसेच. आपल्या गावात किंवा शेजारच्या गावात औषधे घेऊन शेती करणारा, मुले शिकवणारा कोणीतरी आज असण्याची शक्यता बरीच आहे. देशात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या २५ लाखांच्या आसपास आहे, त्यात महाराष्ट्र सर्वांत वर आहे, कर्नाटकही मोठ्या संख्येच्या राज्यांत मोडते, आणि आपण दोन्हींच्या सांध्यावर राहतो. त्या माणसाने वेशीवरचा फलक रोज वाचायचा आणि गोळ्यांची बाटली धान्याच्या डब्यात आणखी खोल लपवायची, एवढेच त्यातून साधेल.

आता काय सांगावे, याविषयी. आपल्या पथनाट्यात नायक शेवटी खंगून मरतो, असे आपण लिहिले आहे. बहुतेक पथनाट्यांत तो मरतोच. यामागचे कारण मला असे वाटते की गावाची या रोगाविषयीची आठवण जुनी आहे. भारतात एचआयव्हीचा पहिला संसर्ग १९८६ साली चेन्नईत आढळला आणि सरकारी रुग्णालयांतून मोफत एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी, औषधे मिळू लागली ती १ एप्रिल २००४ पासून. मधल्या काळात, आणि त्यानंतरही औषधे गावापर्यंत पोहोचेतो, ज्यांनी शेजारचा धडधाकट माणूस वर्षभरात काटकी होऊन गेलेला पाहिला, त्यांच्या मनात तेच चित्र कोरले गेले आहे. त्यानंतर बरेच बदलले. ते त्यांना कोणी दाखवले नाही. पूर्वी रोगप्रतिकारक पेशींची संख्या ठरावीक पातळीखाली येईपर्यंत उपचारांसाठी थांबावे लागे. २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला लगेच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. आज बहुतेक प्रौढांना दिवसातून एकच गोळी असते, ती मोफत मिळते, आणि वेळेवर सुरू करून नियमित घेणारा माणूस जवळजवळ इतरांइतकेच आयुष्य जगू शकतो. एवढेच नव्हे, तर औषधांनी रक्तातील विषाणूंचे प्रमाण तपासणीत न सापडण्याइतके खाली गेले आणि तसेच टिकले, तर त्या व्यक्तीकडून शारीरिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. हे सांगताना दोन अटीही सांगाव्यात: हे प्रमाण रक्ताच्या तपासणीने खात्री करून घ्यावे लागते, आणि गोळ्या चुकवल्या तर ते पुन्हा वाढते. तेव्हा आपल्या नाटकातला नायक जगू द्या. त्याला तालुक्याच्या रुग्णालयात जाऊ द्या, परत येऊ द्या, मुलीच्या लग्नात पंगतीला वाढू द्या. आपल्या भागात सोंगी भजन करणारी मंडळी असतील तर हा विषय त्यांच्या हाती दिलेला पथनाट्यापेक्षा अधिक रंगेल. रात्री उशिरापर्यंत बसून पुरुष ते ऐकतात.

नाटकातला खलनायकही बदला. सौंदत्तीच्या यल्लम्माची परंपरा आपल्याच जिल्ह्यातली असल्याने प्रत्येक नाटकात कुठूनतरी एक जोगतीण येते आणि रोग तिच्या पदरात बांधला जातो. देवदासी म्हणून मुली सोडण्याला कर्नाटकाने १९८२ च्या कायद्याने बंदी घातली. ज्या बायका त्या प्रथेत ढकलल्या गेल्या, त्यांच्यावर आणखी हा डाग लावणे अन्यायाचे आहेच, शिवाय ते कामालाही मारक आहे. २००० नंतरच्या दशकात बेळगाव, बागलकोट हे एचआयव्हीचे प्रमाण जास्त असलेले जिल्हे म्हणून ओळखले जात आणि प्रतिबंधाचा मोठा निधी देहविक्री करणाऱ्या स्त्रिया व महामार्गावरचे ट्रकचालक यांच्यातील कामावर खर्च झाला. ते योग्यच होते. त्याचा दुष्परिणाम असा झाला की उरलेल्या समाजाने हा रोग ‘त्यांचा’ आहे अशी समजूत करून घेतली. खरे तर निरोध वापरायला पुरुषाला कसे राजी करावे, हे या स्त्रियांच्या संघटनांइतके कोणालाच कळलेले नाही. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेने आणि त्यातून उभ्या राहिलेल्या ‘व्हॅम्प’ या देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेने हे काम करून दाखवले. सीमाभागातील मंडळांनी त्यांच्यासारख्यांकडून शिकायला हरकत नसावी.

निरोध आरोग्य केंद्रात मोफत मिळतो. पण तो देणारी आशा कार्यकर्ती जर मुलाची काकी असेल, तर तो कधीही मागणार नाही. गावातल्या सलूनवाल्याशी बोलून एक पेटी तिथे आडोशाला ठेवली, तर ती आपोआप रिकामी होते असा आमच्याकडचा अनुभव आहे.

लोकांच्या शंका समोरासमोर विचारून घेण्याऐवजी चिठ्ठ्यांची पेटी ठेवा, पुरुषांची वेगळी आणि बायकांची वेगळी, आणि उत्तरे परिचारिकेने किंवा डॉक्टरांनी द्यावीत. काही शंका हमखास निघतील. डास चावल्याने, एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने एचआयव्ही होत नाही. न्हाव्याच्या वस्तऱ्याने होण्याची शक्यता नगण्य आहे, तरी नवे पाते मागावे, कारण काविळीचे काही विषाणू अधिक चिवट असतात. जत्रेत एकाच सुईने अनेकांना गोंदले जाते, तिथे मात्र नवी सुई आणि नवी शाई यांचा आग्रह धरावाच. धोक्याचा प्रसंग घडून गेला असेल, विशेषतः जबरदस्ती झाली असेल किंवा वापरलेली सुई टोचली असेल, तर ७२ तासांच्या आत, आणि खरे तर जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर, सरकारी रुग्णालयात पोहोचल्यास २८ दिवसांची औषधे देऊन संसर्ग टाळण्याचा प्रयत्न करता येतो. ही शेवटची माहिती फारच थोड्यांना असते; ती प्रत्येक पत्रकावर असू द्या.

एक प्रश्न आपण विचारला नाही, पण काम सुरू झाले की तो येईलच: कोणाला गावाजवळ चाचणी नको असेल तर? निपाणीकडची माणसे ओळख लपवण्यासाठी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जातात, अथणीकडची मिरजेला. यात गैर काही नाही. हा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, राज्याची सीमा आड येत नाही आणि एका एआरटी केंद्रातून दुसऱ्या केंद्रात नाव वर्ग करूनही घेता येते. तरीही माझा आग्रह असा असतो की चाचणी हवी तर लांब करा, पण गोळ्या जितक्या जवळून घेता येतील तितक्या जवळून घ्या. गुपित राखण्याच्या ओढीने माणूस दोन-तीन वर्षे लांबचे हेलपाटे घालतो, मग एखाद्या तोडीच्या हंगामात किंवा मजुरी बुडेल म्हणून खेप चुकते, आणि एकदा चुकली की पुन्हा तोंड दाखवायला तो कचरतो. बायकांच्या बाबतीत हिशेब आणखी सोपा आहे: जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे त्यांना कर्नाटकातील सरकारी साध्या बसमध्ये तिकीट पडत नाही, म्हणजे जांबोटीहून खानापूर किंवा बेळगावच्या जिल्हा रुग्णालयापर्यंतचा प्रवास फुकट आहे, आणि बाजाराला चालले असे सांगून जाताही येते.

उपक्रम यशस्वी झाला की नाही, हे मांडवातल्या गर्दीवरून ठरवू नका. शिबिरानंतरच्या तीन-चार महिन्यांत आपल्या भागातून आपणहून चाचणीला येणाऱ्यांची संख्या वाढली का, आणि त्यात जोडीने येणारे होते का, एवढेच तालुक्याच्या समुपदेशकाला विचारा. नाव, गाव, निकाल काहीही विचारायचे नाही. विचारले तरी ते सांगणार नाहीत, आणि सांगणारा भेटला तर त्याच्यापासून चार हात दूर राहा.

सुरुवात कशी करावी, तर आषाढात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मंडळाच्या नावाने पत्र द्या. त्यात चार गोष्टी मागा: गणेशोत्सवातील एक दिवस, मराठी बोलणारा समुपदेशक आणि शक्य झाल्यास बायकांसाठी वेगळी स्त्री-समुपदेशक, डोळे तपासणीचे पथक, आणि शिबिरात काही आढळलेल्यांना तालुक्याच्या केंद्रापर्यंत नेण्याची जबाबदारी कोणत्या आरोग्य कर्मचाऱ्याची राहील त्याचा स्पष्ट उल्लेख. चौथा मुद्दा लेखी आल्याशिवाय तारीख पक्की करू नका. पत्राची एक प्रत खानापूरच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात देऊन पोच घ्या, आणि शाळेच्या मुख्याध्यापकांकडून दोन दारांची खोली तेव्हाच सांगून ठेवा. गणपतीच्या दिवसांत ती खोली नाटकाच्या सामानाने भरलेली असते.